नारळ नसलेलं निसर्गचित्र

उंद्रीच्या नव्या ग्रामपंचायत कार्यालयाचं उद्घाटन आठवड्यावर आलं होतं आणि दर्शनी भिंत अजून कोरी होती… महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम पंधरा-वीस वर्षं झाली असावीत. मी सातवीत होतो. भिंतीवर निसर्गचित्र काढण्याचं काम आमचे चित्रकलेचे शिक्षक वानखडे सर यांच्याकडे आलं.

सरपंचांची अपेक्षा स्पष्ट होती: दोन डोंगर, मधोमध सूर्य, नदी, होडी आणि काठावर नारळाचं झाड. आम्हा मुलांच्या वह्यांतही नेमकं हेच चित्र असे, जरी नारळाचं झाड आमच्यापैकी कोणीही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. होडी मीच रंगवणार, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

सरांनी मात्र वर्गात एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यांच्या मेहुण्यांनी कॅनडाहून पाठवलेलं, तिथल्या निसर्गचित्रांचं. सरांनी सांगितलं, की तिथले सुरुवातीचे बरेच चित्रकार आपला देश इंग्लंडसारखा दिसावा म्हणून मऊ कुरणं आणि गुबगुबीत गायी रंगवत. पुढे काही जण तंबू घेऊन उत्तरेच्या रानात गेले आणि वाऱ्याने वाकलेली पाइनची झाडं, उघडे खडक, थंडगार तळी जशी दिसली तशी त्यांनी रंगवली.

आधी लोकांनी नाकं मुरडली… मग हीच चित्रं शाळाशाळांतून लागली आणि ज्यांनी ते रान कधी पाहिलंही नव्हतं, तेसुद्धा त्याला आपला देश म्हणू लागले.

वर्गातल्या शोभाने विचारलं, "सर, याच्यात मानसं काऊन नाहीत?" त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत आली आहेत, चित्रकारांनीच ती बहुतेक गाळली, एवढंच सर म्हणाले.

मग आम्ही भिंतीला लागलो. बाभूळ, कापसाचं वावर, विहीर, मागे आमची डोंगररांग… सर रेषा काढत आणि आम्ही रंग भरत होतो. चित्र पूर्ण झालं तसे सरपंच आले आणि भिंतीजवळ जाऊन पाहू लागले.

"गुरुजी, बाभूळ तं आम्ही रोजच पाह्यतो. भिंतीवर काऊन पाह्याची?" शेवटी एवढं ठरलं, की दुसऱ्या दिवशी गावाला दाखवायचं, लोकांना आवडलं नाही तर वरून चुना मारायचा. सर रंगांचे डबे आणि ब्रश भिंतीखालीच ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली. जो तो सरपंचांच्या तोंडाकडे पाहू लागला… एवढ्यात वावरातून परतणाऱ्या कौसाकाकू गर्दीतून पुढे आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे वावर तं आमचं होय. कापूस मी येचतो, मंग मी कुठी आहो याच्यात?"

हशा पिकला. शोभाचा प्रश्न ऐकूनही आम्ही नेमकी माणसंच गाळली होती… सरांनी तिथल्या तिथे ब्रश उचलला आणि कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या कौसाकाकू काढल्या.

त्यांचे यजमान कुरकुरले, "वावर माह्या नावावर अन् चित्रात बायकोच!" म्हणून चित्रातल्या बांधावर तेही आले. पाठोपाठ कोणाची बैलजोडी, कोणाची म्हातारी आई… लोक सरांना आपापली जागा बोट ठेवून दाखवू लागले.

सगळ्यांत शेवटी सरपंच टोपी नीट करत पुढे झाले. "गुरुजी, मले त्या बाभळीखाली घ्या जरा. सावली बरी हाय तिथची."

आता ती भिंत नाही. तिथे नवी इमारत आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस, चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही… पण परगावी कोणी "तुमचं गाव कसं आहे हो?" असं विचारलं, की गावाच्या आधी डोळ्यांपुढे ती माणसांनी गजबजलेली भिंत येते आणि मी तीच सांगू लागतो. माझं गाव मला पाहायला शिकवलंत, सर… त्याबद्दल मनापासून आभार.