काकूंसाठी राखलेली जागा

घाईकाकांना चालताना ऑफिसात कुणी पाहिलंच नव्हतं. ते पळतच असत. पायाला भिंगरी, आणि कामही तसलंच: मोबाइलच्या टॉवरवर निरोपांचा जो खोळंबा होतो, तो कमी करायचा. मी नवी होते तेव्हा ते सांगत, "निरोप जायला वेळ लागतच नाही गं, वेळ जातो रांगेत. वर्गातल्यासारखं आधी हात वर करा, मग टॉवर परवानगी देणार, मग बोला. आपलं यंत्र आधीच ओळखेल की आता हा फोन बोलणार, आणि त्याची जागा राखून ठेवेल."

माझं टेबल त्यांच्या शेजारी, म्हणून स्पष्टच सांगते. साहेबांना या यंत्रातून बढती हवी होती. काकांना फक्त काकूंची घंटी वेळेवर हवी होती. काकू अंथरुणाला खिळलेल्या, आवाजही गेलेला. घर मागच्याच गल्लीत. उशाशी एक बटण असायचं. त्यांनी ते दाबलं की टॉवरमार्गे काकांच्या टेबलावरची डबी गुरगुरायची. एकदा गर्दीच्या वेळी निरोप रांगेत अडकला, आणि काका पोचले तेव्हा काकू पलंगावरून खाली पडलेल्या होत्या. चाचणीसाठी काकांनी पहिलं उपकरण जोडलं ते काकूंचं बटण.

यंत्र शिकलं. पडद्यावर काकूंच्या ओळीत पोकळ हिरवा चौकोन उमटायचा, म्हणजे जागा राखली. घंटी आली की तो भरायचा. बहुतेक चौकोन दुपारचे, सांभाळणाऱ्या मावशी कपडे वाळत घालायला गच्चीवर जात त्या सुमाराचे. निम्म्या वेळा काकूंना काही नकोच असायचं. काका धापा टाकत घरी जायचे आणि त्या नुसत्या हसायच्या. "छळते मेली," म्हणत ते परत यायचे, चेहरा मात्र नवरदेवासारखा.

मग काकू गेल्या. झोपेतच, घंटी न वाजवता.

काका पुन्हा कामावर आले त्या दुपारी पडद्यावर चौकोन उमटला. पोकळ. मी पडदा बंद करायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे गं. तिची जागा राखलीय त्यानं."

रोज तेच. ते खुर्ची ओढून त्या रिकाम्या चौकोनासमोर बसून राहायचे. साहेबांच्या जिभेला हाड नाही. ते म्हणाले, "मेलेल्या माणसासाठी जागा अडवणारं यंत्र कोण घेणार? पुसा ती ओळ." काका ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिले.

पण पुसायची गरजच नव्हती. जागा राखून कुणी येत नाही, हेही यंत्र शिकतंच. चौकोन विरळ होत गेले. कुणी हळूहळू आशा सोडावी तसे.

आणि अचानक ते पुन्हा उमटू लागले, भरलेले! मी काकांना शोधत जिन्यात गेले. ते पायरीवर बसले होते, काकूंचं बटण मुठीत.

"विसरायला लागलं होतं गं ते," लहान मुलासारखं म्हणाले. "नुसती आठवण करून देतोय."

चाचणीचा पार विचका होत होता, तरी मी साहेबांना कळू दिलं नाही. त्या माणसाला जगायला तेवढंच उरलं होतं.

काही दिवसांनी दुपारी आम्ही दोघं पडद्यासमोर होतो. कपडे वाळत घालायची वेळ आली आणि गेली, चौकोन उमटला नाही. काका उठले, चहा घेऊन आले, सवयीनं टेबलावरच्या मुक्या डबीकडे पाहिलं. तेवढ्यात काकूंच्या ओळीत पोकळ हिरवा चौकोन उमटला.

"आला की!" मी म्हटलं.

काकांनी कप खाली ठेवला.

"ही तिची वेळ नाही."

"मग कुणाची?"

"माझी. चहा घेऊन आलो की मला राहवत नाही, म्हणून बटण दाबायला जिन्यात जातो." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "त्याच्याजवळ तिची जेवढी आठवण होती ना, ती मीच पुसली गं. आता ते मला ओळखतंय."

मला रडू फुटलं. त्यांनी खिशातून बटण काढून टेबलावर ठेवलं आणि घरी निघाले. मी खिडकीतून पाहत होते. गल्लीच्या तोंडापर्यंत काका चालत गेले.