जंक थांबलं त्याचं खरं कारण

दुकानाच्या पाटीवर ई-मेल रंगवून घेणारा काष्टीतला पहिला माणूस मी. खतं, बियाणं, औषधं असं सगळं लिहून झाल्यावर पेंटरच्या डब्यात थोडा रंग आणि पाटीवर थोडी जागा उरली होती, म्हणून मी त्याला ती एक ओळ लिहायला लावली. बायको म्हणाली, "अहो, हे वाचणार कोण? गिऱ्हाईक तर समोरच उभं असतं." तिचं म्हणणं बरोबर होतं, पण पाटी झकास दिसत होती.

वाचणारे निघालेच. शनिवारच्या बाजाराला येणारी माणसं पाटी वाचायची आणि ज्या फॉर्मवर ई-मेलचा रकाना असेल तिथं माझा पत्ता ठोकून मोकळी व्हायची. ठिबकचा अर्ज असो, ट्रॅक्टरचा विमा असो की पोराची परीक्षा. विचारायची पद्धतच नाही. एखादा फार सभ्य असला तर नंतर सांगायचा, "शेठ, तुमचा मेल टाकलाय बरं का. म्हनलं, आपलाच हाय." आपलाच आहे म्हटल्यावर माणसानं काय बोलावं? अशा रीतीनं पंचक्रोशीचा ई-मेल एकच झाला, आणि तो माझ्या गल्ल्याशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर यायचा.

पत्ता इतक्या ठिकाणी गेल्यावर तो कुणाच्या हाती लागला देव जाणे, पण कचरा सुरू झाला. परदेशातले कुणी मरायला टेकलेले साहेब मला त्यांची इस्टेट देऊ करायचे. वजन कमी करायच्या गोळ्या, परदेशी विद्यापीठाची घरबसल्या पदवी, आणि केस उगवायचं तेल तर रोज. मला टक्कल आहे हे यांना कुणी सांगितलं, या विचारानं माझ्या डोक्यात तिडीक जायची. दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची आणि पाठोपाठ त्या तेलवाल्याला शिव्या घालायच्या, असा माझा सकाळचा क्रम ठरून गेला होता.

नुसत्या शिव्या घालून भागलं असतं, तर मी हे लिहिलंही नसतं. पण त्या दिवसांत मी एका खऱ्या मेलची वाट बघत होतो.

आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. तिची मुलगी नर्स आहे. श्रीगोंद्याच्या एका लहान दवाखान्यात ती नोकरी करायची. तिथं पेशंटचं सगळं बघून झालं की तिला डॉक्टरांच्या घरची भाजी निवडायला बसवायचे. एका संध्याकाळी ती थेट दुकानात आली, खताच्या पोत्यावर बसली आणि बोटं पुढे करून म्हणाली, "मामा, वास बघा. आज मेथी होती." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सोड ती नोकरी. उद्याच सोड." आमच्या घराण्यात राग लवकर येतो आणि तो भाचीकडंही पुरेपूर उतरलाय. तिनं खरंच दुसऱ्या दिवशी सोडली.

मग नगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिनं अर्ज केला. मुलाखतीचं ई-मेलनं कळवू, असं त्यांनी सांगितलं होतं. अर्जावर पत्ता कुणाचा असणार? मामाचाच. आक्का रोज दळण न्यायच्या निमित्तानं दुकानावरून जायची आणि पायरीशी थांबून विचारायची, "आलं का रं काई?" मी नाही म्हणायचो. ती पिशवी काखेत मारून पुढं जायची, आणि ते मला फार लागायचं. हातची नोकरी सोड असं सांगणारा मीच होतो ना.

अशातच एका सकाळी पेपरात बातमी आली. फसवे ई-मेल पाठवणारी एक टोळी पोलिसांनी पकडली होती. भाड्याच्या खोलीत बसून, कॉम्प्युटर लावून, लाखो लोकांना मेल पाठवायचे म्हणे. दुकानासमोरच्या बाकावर रोज येऊन माझाच पेपर माझ्या आधी वाचणारे एक रिटायर हवालदार आहेत. त्यांच्या हातून मी पेपर ओढून घेतला आणि बातमी मोठ्यानं वाचली.

"सुटलो एकदाचा," मी म्हणालो. "आता बघा हवालदार, सगळा कचरा बंद."

हवालदार चहा बशीत ओतत होते. "शेठ, मी नोकरीत लई केबलचोर धरलेत. विहिरीवरची केबल कापायची, जाळून तांबं इकायचं, ह्यो त्येंचा धंदा. टोळी धरली की गाव आमाला हार घालायचं. थोडं दिस चोरी बंद. मंग पुन्यांदा हायेच. येकतर तेच जामिनावर सुटून यायचे, न्हाईतर त्येंचं बघून दुसरे."

"मग चोरी थांबली कशानं?"

"थांबली कुटं? लोकांनी केबली जमिनीत गाडल्या, तवा जरा कमी झाली."

मला हे अजिबात पटलं नाही. ज्यानं आयुष्यभर चोर पकडले त्यानंच पकडून काही होत नाही म्हणावं, हा काय न्याय झाला? मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते चहा पीत राहिले.

आणि गंमत अशी की कचरा खरंच थांबला! दोन-तीन दिवसांत माझा मेलचा डबा असा स्वच्छ झाला की बघत राहावं. मरायला टेकलेले साहेब गेले, गोळ्या गेल्या, तेलही गेलं. यायची ती फक्त खत कंपन्यांची आणि ओळखीच्या डीलरांची पत्रं. माझी कॉलर अशी ताठ झाली की विचारू नका. येईल त्या गिऱ्हाइकाला मी सांगायचो, पोलिसांनी मनावर घेतलं तर काय होतं ते बघा. एक दिवस तर पोलीस खात्याच्या नावानं मी भेळ मागवली आणि हवालदारांच्या पुढ्यात मुद्दाम मोठा पुडा ठेवला. त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला. आतल्या खोलीच्या दारात उभी राहून बायको हसत होती. तिला माझं कौतुक वाटतंय असं मी समजलो.

डबा स्वच्छ झाल्याचा दुसरा आनंद म्हणजे आता हॉस्पिटलचा मेल कचऱ्यात हरवणार नव्हता. आला की दिसणारच. मी आक्काला तसं सांगितलंसुद्धा, "आता काळजी नको, आता आरशासारखं सगळं साफ आहे."

मग एका दुपारी भाची धावत दुकानात आली. चेहरा पांढराफटक. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या मैत्रिणीला मुलाखतीचा मेल येऊन आठवडा झाला होता, आणि मुलाखत उद्या सकाळी होती. "मामा, मला न्हाई का हो बोलावलं?"

मी मेल उघडला. वरून खालपर्यंत पाहिलं. खत, खत, बियाणं, डीलर. हॉस्पिटलचं नावसुद्धा नाही. भाची पोत्यावर बसली. रडली नाही ती, नुसती बोटांकडं बघत राहिली. मला त्या मेथीची आठवण झाली. आता आक्काला कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात बायको आतून आली. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं. तिचा चेहरा भाचीपेक्षा पांढरा झाला होता. "अहो," ती म्हणाली, "ते जंक बघा की."

"कसलं जंक? जंक बंद झालंय."

"बंद नाही झालेलं. मीच बंद करून घेतलंय."

घडलं होतं ते असं. पेपरात बातमी आली त्याच आठवड्यात बिलाचा प्रिंटर बिघडला म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आले होते. मी गोडाऊनला गेलो होतो. माझ्या रोजच्या शिव्यांना वैतागलेल्या बायकोनं त्यांना सांगितलं, यांचा तो कचरा बंद करून द्या बाई एकदाचा. त्यांनी अशी सोय करून दिली की ज्यांचे पत्ते आमच्या यादीत आहेत त्यांचीच पत्रं समोर दिसतील, बाकी सगळी आपोआप जंकच्या खणात जाऊन पडतील. हॉस्पिटल कुठं आमच्या यादीत होतं?

मी जंकचा खण उघडला. बापरे! सगळे तिथंच होते. मरायला टेकलेले साहेब अजून मेलेले नव्हते. गोळ्या होत्या, पदव्या होत्या, तेलवाला तर दिवसातून दोनदा येऊन गेला होता. टोळी धरल्यानं माझ्या वाट्याचा एक मेलही कमी झाला नव्हता. मी यादी खाली खाली सरकवत होतो आणि भाची माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. केसांचं तेल आणि फुकटची परदेश सहल यांच्या मधोमध तिला ते नाव दिसलं. "मामा, थांबा! ह्योच. ह्योच हाय!"

मुलाखतीचं बोलावणं. उद्या सकाळी, कागदपत्रांसह.

माझा जीव भांड्यात पडला. भाची आता मात्र रडली, मामीच्या गळ्यात पडून, आणि मामीही रडली. मला रागवायचं होतं, पण कुणावर आणि कसं हेच सुचेना. शेवटी बायकोला म्हणालो, "निदान सांगायचं तरी होतंस."

पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "सांगणार होते. पण तुम्ही पोलिसांच्या नावानं भेळ वाटत होतात. म्हटलं, राहू दे, किती दिवसांनी खुशीत आहेत."

दुसऱ्या दिवशी खत पोचवायच्या पिकअपमधून मी भाचीला नगरला घेऊन गेलो. साडीला युरियाचा वास लागेल म्हणून बायकोनं सीटवर धुतलेली चादर अंथरून दिली होती. भाची आत गेली आणि मी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली गाडी लावून बसलो. बसल्या बसल्या हवालदारांचं केबलीचं बोलणं आठवत राहिलं. चोरांना धरलंच पाहिजे, हे मी आजही तावातावानं सांगतो. चोरी केली की धरायचं, यात वाद कसला? पण त्या खोलीतले चार जण आत गेले म्हणून जगातले सगळे तेलवाले दुकान बंद करतील, हे मी कसं काय मानलं होतं कोण जाणे. मला ते खरं व्हायला हवं होतं, म्हणून मानलं असणार.

हवालदारांना सगळं सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आता हे माझी खेचणार. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी वहिनींनी केबल गाडली व्हय?" आणि मग, "पर त्यात पोरीचं पत्रबी गाडलं."

यादीची सोय मी काढून टाकणार होतो, पण बायकोनं काढू दिली नाही. मग आमचा तह झाला. यादी राहील, पण रोज सकाळी उदबत्ती झाली की मी जंकचा खण उघडून वरपासून खालपर्यंत वाचायचं, आणि शिव्या मनात द्यायच्या. तसं करताना काष्टीतल्या कुणाकुणाची खरी पत्रं तिथं सापडली. मी ती छापून त्यांच्या घरी पोचवली.

पावसाळा संपता संपता एकदा दुपारी भाचीचा नगरहून फोन आला. ती मुलाखतीच्या निकालासाठी सकाळीच तिकडं गेली होती; निवड झाली तर लगेच रुजू करून घेणार होते. "मामा, मेल बघा," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. व्हॉट्सॲपवर टाकायचं सोडून हा काय चावटपणा, म्हणत मी कॉम्प्युटरसमोर बसलो. समोर काही नव्हतं. सरळ जंक उघडलं. तिनं स्वतःच्या नावानं नवा ई-मेल काढला होता आणि त्यावरून पाठवलेलं पहिलं पत्र तेलवाल्याच्या खाली पडलं होतं. आत अक्षर नव्हतं, नुसता फोटो होता. पांढरा युनिफॉर्म, गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड, आणि दोन्ही हातांचे पंजे कॅमेऱ्यापुढे पसरून धरलेले, स्वच्छ.

मी बायकोला हाक मारली, आक्काला फोन करून बोलावून घेतलं, आणि भाचीचं पत्र पुन्हा जंकमध्ये जाऊ नये म्हणून तिचा पत्ता यादीत घालायला बसलो. मला तो नीट घालताच येईना, चष्मा सारखा ओला होत होता. शेवटी बायकोनंच घातला.