वास नसलेलं कपाट

सावंतवहिनी कुणाचं नवं फर्निचर बघायला गेल्या, की चहाच्या आधी कपाट उघडून आत डोकं घालायच्या. डोळे मिटून एक लांब श्वास. मग डोकं बाहेर काढून, चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणायच्या, "छान आसा." विक्रोळीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये यावर सगळ्यांचं यथेच्छ हसून झालं होतं.

त्यांचे यजमान, अण्णा, जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात फवाऱ्याने पॉलिश मारत आले. लोकांची टेबलं चमकली आणि अण्णांची छाती गेली. पॉलिश, रंग, गोंद, कशाच्याही वासाजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जुनी बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हा आम्ही सगळे नव्या टॉवरची स्वप्नं बघत होतो. वहिनी मात्र घरोघर फिरून, "तुमचो दरवाजो माका देशात?" असं विचारत होत्या. जुनी सागवानी दारं, खिडक्यांच्या चौकटी. भंगारवाला येण्याआधी त्यांनी निम्मी बिल्डिंग गोळा केली. नवं घर मिळेपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत ती दारं भिंतीला टेकून उभी होती आणि नवराबायको त्यांच्यामधून तिरके होऊन चालत होते. बाईचं डोकं फिरलंय, असंच आम्हाला वाटायचं.

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला अण्णा हौसेने आले. नवं प्लाय, नवं लॅमिनेट. नव्या घराचा तो वास आम्हाला तर फार आवडायचा. प्रसाद हातात घेईपर्यंत अण्णांचे ओठ निळे पडले. त्यांना खुर्चीसकट उचलून खाली मोकळ्यावर न्यावं लागलं. त्यांची धाप जरा बसल्यावर वहिनींनी मान वर करून टॉवरकडे पाहिलं. "दारां कित्याक जमवलंय, ता कळला मां आता?" एवढंच म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनी घर लावायला घेतलं, आणि ते काम वर्षभर चाललं. रंगाऐवजी भिंतींना साधा चुना. सुताराला खालीच, आवारात बसवलं. गोंद नाही, खिळ्यांऐवजी जमेल तिथे लाकडी खुंट्या. सुतार वैतागून दोनदा पळाला, वहिनींनी दोन्ही वेळा त्याला घरी जाऊन परत आणलं. आमच्या जुन्या दाराचा अण्णांसाठी पलंग झाला. आमच्या नावाच्या पाटीच्या स्क्रूंची भोकं त्यांच्या उशाशी दिसायची. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचं कपाट झालं. प्रत्येक वस्तू तयार झाली की वहिनी आधी आत डोकं घालायच्या, आणि मगच ती लिफ्टने वर जायची. एका घरासाठी एवढं करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

अण्णा मात्र रुसले. "पॉलिशवाल्याच्या घरात नागडा लाकूड? लोक काय म्हणतले?"

"लोकांका नाय, तुमका श्वास घेवचो आसा," वहिनी म्हणाल्या. पण नवऱ्याचं दुःख त्यांना समजलं होतं. त्यांनी खोबरेल तेलात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवलं, वाटी आणि जुन्या लुगड्याची चिंधी अण्णांपुढे ठेवली. अण्णांनी वाटी हुंगली, चिंधी बुडवली आणि कपाटावर हात गोल फिरवायला सुरुवात केली. तो हात कसा फिरत होता! दुपारभर वहिनी आणि मी दाराशी उभ्या राहून बघत होतो. अण्णा एकदाही खोकले नाहीत.

त्या घरात अण्णा आमच्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा खूप जास्त जगले. खिडकीजवळ बसून रोज काहीतरी पुसत, चमकवत.

ते गेल्यावर वहिनींना न्यायला त्यांची मुलगी कणकवलीहून आली. सामान उतरवायला माणसं आली होती. अण्णांचे कपडे केव्हाच वाटून झाले होते, कपाट रिकामं होतं. वहिनींनी ते उघडलं आणि सवयीप्रमाणे आत डोकं घातलं. बराच वेळ झाला तरी त्या बाहेर येईनात. मी घाबरून खांद्याला हात लावला.

"दुसरो कसलोच वास नाय मां ह्या कपाटाक," त्या आतूनच म्हणाल्या, "म्हणान ह्येंचो वास रवलो हा." मग त्यांनी सामानवाल्यांना थांबायला सांगितलं आणि कपाटाची दारं हलक्या हाताने लावून घेतली.