लाल खुणेचे आकडे

आमच्याकडे किस्से कसे जमतात ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मोहन थापा मारतोय.

मिरजोळ्याला एमआयडीसीत एक जुनं काजूचं गोदाम होतं. त्यात आता आमचं क्रीडा संशोधन केंद्र चालतं. खेळाडू किती पळतात, किती दमतात आणि दमल्यावर किती वेळात पूर्ववत होतात हे मोजायचं, एवढंच आमचं काम. मी टेक्निशियन. मशीनला वायरी जोडणं आणि पोरांना ओरडणं ही दोन्ही खाती माझ्याकडे!

केंद्राच्या प्रमुख देवयानी मॅडम. बाई कडक आणि कायम हिरव्या शाईत लिहिणाऱ्या. माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला, "मोहन, आकडा कधी खोडायचा नाही आणि कधी बनवायचा नाही. पटला नाही तर बाजूला लाल खूण करायची आणि पुढे जायचं."

झालं! इतक्या वर्षांत लाल खुणांची एक फाईल भरली. अहवालात त्या जात नाहीत. चार वाजताच्या चहाला मात्र निघतात.

*

पहिला किस्सा सगळ्यात सोपा.

सरावाआधी आणि सरावानंतर आम्ही प्रत्येकाचं वजन करतो. घामातून किती पाणी गेलं ते त्यावरून कळतं. एकदा एप्रिलच्या उन्हात पोरांना पावस गावच्या रस्त्याला पळायला पाठवलं. परत आल्यावर सगळ्यांची वजनं उतरलेली आणि ओंकारचं मात्र चांगलं वाढलेलं!

काटा तपासला. खिसे तपासले. पाण्याची बाटलीसुद्धा भरलेलीच. मॅडम कागदाकडे बघत राहिल्या, "हे शास्त्रात बसत नाही."

आमचे तात्या दारात उभे होते. तात्या म्हणजे गोदामाच्या काळापासूनचे वॉचमन, इमारतीबरोबर आम्हाला मिळाले. ते ओंकारच्या जवळ गेले, तोंडाचा वास घेतला आणि म्हणाले, "शास्त्रात नाय बसत, पन पोटात बसलाय. हापूस हाय, मॅडम!"

या किस्स्याचं उत्तर सापडलं म्हणून तो आधी सांगितला. पुढच्यांचं तसं नाही.

*

आता रुबीनाची ओळख करून देतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

रुबीना पावसच्या पुढे समुद्राकाठी राहणारी. वडील आखातात जहाजावर. अंगाने काडी, पण पाच हजार मीटर पळायला लागली की बघत राहावं. उत्तरेतल्या मोठ्या कॅम्पसाठी तिचं नाव गेलेलं होतं. वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. कॅम्पवाल्यांना आमच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या: तिची रोजची वही आणि शेवटच्या चाचणीचा निकाल. यंदा हुकलं की कायमचं हुकलं.

तिच्या हाताला आम्ही जीपीएसचं घड्याळ बांधलं होतं. एका सकाळी ती घराजवळ सराव करून केंद्रात आली आणि मी नकाशा उघडला. रेघ किनाऱ्याने निघाली, मग वळली आणि सरळ समुद्रात गेली! चांगली लांबवर गेली आणि वळणं घेत परत काठाला लागली.

"काय गो, पोहायला गेली होतीस?"

"नाय भाऊ. नेहमीच्याच रस्त्यानं आले. बूट बघा." बूट कोरडे ठाक होते.

मॅडम म्हणाल्या, सॅटेलाइटची चूक. मलाही पटलं. पण त्या दुपारी रुबीनाची आई तिला न्यायला आली होती, तिला मी गंमत म्हणून तो नकाशा दाखवला. ती हसली नाही. रेघेवरून बोट फिरवत म्हणाली, "ही जुनी वाट. माझी सासू हिच्यावरनं माहेराला जायची. पुढं दर्यानं खाल्ली." आणि मग रुबीनाकडे वळून, एकदम हळू, "तुला हाक मारली का गो कोणी?"

मी लाल खूण केली आणि पुढे गेलो.

*

आमचा ट्रॅक सड्यावर आहे, म्हणजे सपाट कातळावर. झाड नाही, झुडूप नाही, लपायला जागा नाही. शेवटच्या रेषेवर आम्ही टायमिंग गेट लावतो. दोन खांब, मधून न दिसणारा किरण. किरण तुटला की वेळ नोंदली जाते.

रुबीनाच्या बॅचमध्ये सहा जण होते. पहिल्याच बुधवारी गेटने सात वेळा नोंदवल्या.

"बकरी असेल," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी परत सात. रुबीना लांब पल्ल्याची, वेगाच्या सरावात ती नेहमी शेवटी यायची. सातवी वेळ तिच्या मागोमाग. मी खांब बदलले, बॅटरी बदलली, भर उन्हात रेषेवर डोळे लावून बसलो. सहा जण गेले आणि गेट सातव्यांदा वाजलं. रेषेवर कोणी नव्हतं.

तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमी सहा धाडलेत ना? मग सातव्याचा मला काय इचारता? त्यालाच इचारा!"

महिनाअखेर मी सगळ्यांचे आलेख काढले. मॅडमनी ते टेबलावर पसरले आणि बराच वेळ एकाच कागदाकडे बघत बसल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "प्रगती सगळ्यात चांगली याचीच आहे."

सातव्याची! दर बुधवारी तो रुबीनाच्या थोडा अधिक जवळ येत होता. मी त्या दिवशी चहा तसाच टाकून घरी गेलो, खोटं कशाला बोलू.

*

आमच्याकडे श्वास मोजायचा मास्क आहे. काम नसलं की तो भिंतीवरच्या हुकाला असतो. एकदा मशीन चालू राहिलं आणि पडद्यावर श्वास दिसायला लागला. मास्क हुकाला, खोलीत मी आणि मॅडम, आणि आमच्या दोघांच्याही तोंडाला काही नाही! आधी भराभर श्वास, मग हळूहळू संथ, जसा दमलेल्या माणसाचा होतो.

"हवा लीक होतेय," मॅडम म्हणाल्या.

"इतक्या लयीत?" मी विचारलं.

तात्या डोकावले. "हुक त्याच जागेला मारलात तुमी. हितं बायका काजू सोलायच्या. पाठ भरून आली की त्या भिंतीला टेकून जरा दम खायच्या."

मॅडमनी त्यांना कामाला पिटाळलं. "मोहन, असल्या गोष्टींना खतपाणी घालायचं नाही," मलाही सुनावलं. पण दुसऱ्या दिवशी आलो तर त्या हुकाखाली एक खुर्ची ठेवलेली. कोणी ठेवली ते कोणी विचारलं नाही. त्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही.

*

आता वहीचं.

प्रत्येक खेळाडूने सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, नाडी मोजून वहीत लिहायची. त्यावरून आदल्या दिवसाचा थकवा गेला की नाही ते कळतं. आता पोरंच ती, रोज कोण मोजणार? बरीचशी आठवड्याची वही एकदम भरून टाकतात, मनाला येतील ते आकडे! पण बहुतेक जण निदान आठवडा संपल्यावर भरतात. रुबीनाने घाईत उलटं केलं. शनिवारी मी तिची वही उघडली तर पुढच्या आठवड्याची भरलेली! सोमवार छप्पन, मंगळवार अठ्ठावन्न, बुधवार पंचावन्न, गुरुवार एकसष्ट.

"ही वही आहे की पत्रिका?" मी कडाडलो. "कॅम्पला ही पाठवायची आहे!"

पोर रडकुंडीला आली. "चुकलं भाऊ. परत नाय करणार."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खोडायचं नाही. तिच्या दंडाला नाडीचा पट्टा बांध. खरे आकडे रोज आपल्याकडे येतील. दोन्ही शेजारी ठेवले की लाज आपोआप वाटेल."

सोमवारी पट्ट्याचा आकडा आला. छप्पन.

मी हसलो. मंगळवारी अठ्ठावन्न आला, तेव्हा हसू कमी झालं. बुधवारी पंचावन्न आला आणि रुबीना माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ओठ पांढरे पडलेले. "भाऊ, मी नुसतं मनात आलं ते लिवलं होतं."

"योगायोग," मी म्हटलं. त्याच दुपारी सड्यावर सराव झाला. गेटवर सातवी वेळ रुबीनाच्या इतकी जवळ होती की दोन्ही एकच वाटाव्यात.

गुरुवारी एकसष्ट.

आणि शुक्रवारचा रकाना? रिकामा! कारण साधं होतं. शुक्रवारी शेवटची चाचणी, त्या सकाळी नाडी मॅडम स्वतः केंद्रात घेणार होत्या, म्हणून तिने काही लिहिलंच नव्हतं. कारण मला माहीत होतं. तरी त्या रिकाम्या चौकोनाकडे बघून मी वही मिटली आणि उठलो.

मी मॅडमकडे गेलो. "चाचणी पुढे ढकलूया."

"कॅम्पची मुदत संपतेय. नाही पळाली तर तिचं नाव जाईल. कारण काय लिहू?"

"रकाना रिकामा आहे."

मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मोहन, रकाना रिकामा म्हणजे डेटा नाही. बाकी काही नाही."

मी परत टेबलाशी आलो. आयुष्यात एक आकडा बनवला नव्हता. तो बनवला तर माझी नोकरी जाणार आणि उघडकीला आलं तर रुबीनाचा कॅम्पही जाणार. आणि नाही बनवला तर? तिच्या आईचा तो हळू आवाज मला आठवला. मी पेन घेतलं आणि शुक्रवारच्या रकान्यात लिहिलं, चोपन्न. अक्षर माझं मलाच ओळखू येईना.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळ बघून म्हणाल्या, "चोपन्न."

रुबीना एकटी पळाली. कधी पळाली नव्हती अशी पळाली. रेषा ओलांडून कातळावर आडवी पडली आणि हसत सुटली. मी गेट बघितलं. एकच वेळ होती.

*

रुबीना कॅम्पला गेली. शुक्रवारचा चोपन्न मी लिहिला होता, हे निघताना तिला सांगून टाकलं. वही आमच्या कपाटात राहिली, कॅम्पला नुसती प्रत गेली. तिथे पोहोचल्यावर संध्याकाळी तिचा फोन आला, "भाऊ, उद्याचा लिवलात का?"

"तुझी वही, तू लिही!"

"मी नाय लिवणार. मला भीती वाटते. तुमीच लिवा."

तेव्हापासून चहा झाला की मी उद्याचा आकडा लिहितो. लोभ धरत नाही. चोपन्न, छप्पन, असे साधे, निरोगी आकडे. सकाळी तिचा मेसेज येतो. तोच आकडा. मॅडमना अर्थात यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या केंद्रात बसून, त्यांच्या कपाटातल्या वहीत मी रोज आकडे बनवतोय, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मागच्या मंगळवारी मला दुपारीच ताप भरला. तात्यांनी रिक्षात घातलं, घरी जाऊन पडलो तो पडलोच. बुधवारी सकाळी जाग आली, घाम सुटून ताप उतरलेला, आणि डोळ्यांसमोर तो रकाना.

रिकामा!

फोन बघितला. रुबीनाचा मेसेज नाही. रोजची वेळ होऊन गेलेली. फोन लावला, उचलेना. बायको हाका मारत होती, तसाच शर्ट अडकवून निघालो. रिक्षावाल्याला मिरजोळे सांगितलं आणि वाटभर त्या पोरीचं नाव घेत बसलो. माझ्या विसरण्याने तिचं काही झालं असतं तर मी त्या सड्यावर परत पाय ठेवू शकलो नसतो.

केंद्रात मॅडम एकट्याच, कॉम्प्युटरपुढे. मी त्यांच्याशी न बोलता कपाट उघडलं. त्या कपाटाच्या चाव्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक त्यांच्याकडे. वही काढली, पान उलटलं.

बुधवार. पंचावन्न. हिरव्या शाईत.

आणि बाजूला, नियमाप्रमाणे, लाल खूण.

खिशात फोन वाजला. रुबीनाचा मेसेज होता, "भाऊ सॉरी, आज सराव लवकर होता. ५५."

मॅडमनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"चहा घे, मोहन," त्या म्हणाल्या. "गार होतोय."