खुडूक बसलेला माणूस

आमच्या समोरच्या दारातले गृहस्थ हॉस्पिटलात 'खुडूक' या नावानं ओळखले जातात. तोंडावर त्याला 'काका' जोडतात, एवढाच काय तो मान. अंड्यांवर खुडूक बसलेली कोंबडी दाणे टाकले तरी हलत नाही, तसे हे फुप्फुसांपाशी बसतात.

कुणीतरी जाताना देऊन गेलेली फुप्फुसं दुसऱ्याच्या छातीत बसवण्याआधी चार-सहा तास काकांच्या ताब्यात असतात. पारदर्शक घुमटाखाली ठेवायची, नळ्या जोडायच्या, आतून द्रव फिरवत हळूहळू अंगाच्या उबेपर्यंत आणायची. गार असताना फुगवली तर दुखावतात, म्हणून बत्तीस अंशांपर्यंत थांबायचं आणि मगच यंत्रानं श्वास द्यायचा. पुढे दर तासाला परीक्षा.

याआधी वीस वर्षं काका असलेच अवयव बर्फाच्या पेटीतून आणायचे. त्यांची बायको म्हणते, "आधी बर्फ लावायचे, आता शेक देतात. उद्या मालिश करतील." तिची खरी तक्रार वेगळी आहे. परक्याच्या फुप्फुसांवरून सहा तास नजर न हलवणारा हा माणूस घरी गॅससमोर उभा असताना दूध उतू जातं. काकांचं म्हणणं, दुधाला घंटी जोडलेली नसते, त्याला ते काय करणार?

कामात मात्र त्यांचा एक नियम होता. फुप्फुसं ज्याच्यासाठी आहेत, त्याचं तोंड बघायचं नाही. नावही विचारायचं नाही. एकदा माणूस दिसला की आकडेसुद्धा गोड दिसायला लागतात. बापानं घरच्या पोराचा पेपर तपासू नये, म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी फुप्फुसं वाटेत होती. काका द्रवाच्या बाटल्या घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि कशाचं तरी चाक त्यांच्या पायावर आलं. ऑक्सिजनचा सिलिंडर होता. त्याच्या दांडीला धरून एक बाई उभ्या होत्या, नाकात नळी.

"माफ करा हं," त्या सिलिंडरला टपली मारत म्हणाल्या. "हा माझा धाकटा दीर. मला एकटीला कुठे सोडत नाही."

लिफ्ट मजल्यामजल्याला थांबत होती आणि बाई बोलक्या होत्या, दम पुरेल तेवढ्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या. फुप्फुसं मिळतील म्हणून याआधी दोनदा धावत आल्या आणि दोन्ही वेळा तशाच परत गेल्या. आजही परत पाठवलं, तर मुलीला सांगणार होत्या की आईला व्यायाम व्हावा म्हणून हे लोक बोलावतात. काका हसले, आणि हसता हसता थांबले. त्या दिवशी येणारी जोडी एकच होती, म्हणजे ती याच बाईंसाठी.

खरं तर त्यांनी तिथेच बाजूला व्हायला हवं होतं. पण हे काम येणारी दुसरी व्यक्ती रजेवर होती. काका बसले.

फुप्फुसं आली, ऊब धरून गुलाबी झाली. पहिला श्वास दिल्यावर ती अशी सावकाश उठली, की काकांना स्वतःलाच मोकळं वाटलं. पहिल्या तासाला ऑक्सिजनचा आकडा उत्तम. दुसऱ्या तासालाही उत्तम. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले आणि बाईंना तयार करायला सांगून टाकलं.

काकांच्या मनात मात्र एक दुसराच आकडा सलत होता. तेवढाच श्वास भरायला किती दाब लागतोय, तो. पहिल्या तासाला चौदा, दुसऱ्याला सोळा, तिसऱ्याला अठरा. यंत्र गप्प होतं, कारण सगळं हद्दीत होतं. नळीला पीळ पडला असेल, या आशेनं काकांनी नळी बोटानं चाचपली. पीळ नव्हता. चष्मा पुसून पाहिला. अठराच. मग त्यांनी कागदावर 'सोळा' लिहिलं.

तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या सोळाकडे ते बघत राहिले, मग त्यावर काट मारून शेजारी अठरा लिहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

"ऑक्सिजन तर झकास आहे, काका," डॉक्टर म्हणाले.

"आहेच. पण कडक होतायत. दर तासाला जास्त जोर लागतोय."

"अजून हद्दीत आहे."

"हद्दीतच आहे. पण डॉक्टर, मी त्या बाईंना लिफ्टमध्ये भेटलोय. हो म्हणायला मी निमित्तच शोधतोय. तरीसुद्धा ही नको वाटतायत."

डॉक्टरांनी काट मारलेला सोळा पाहिला, काकांकडे पाहिलं, आणि आणखी एक तास थांबू म्हणाले. चौथ्या तासाला दाब बावीस झाला आणि श्वासाच्या नळीत फेस दिसायला लागला. तो बाईंच्या छातीत दिसला असता, तर पुढे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी यंत्र थांबवायला सांगितलं.

बाईंना कळवायचं काम डॉक्टरांचं, ते त्यांनी केलं. काकांना जायचं काही कारण नव्हतं. तरी ते वर गेले. बाई ऑपरेशनच्या झग्यातच पलंगावर बसल्या होत्या. काकांना बघून त्यांना लिफ्टमधल्या त्या बाटल्यांचा उलगडा झाला असावा.

"वाईट होती का हो?"

"वाईट नाही म्हणवत. दमली होती."

"आणि हे ठरवलं कुणी?"

"आधी मी नको म्हणालो."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मला रडायलासुद्धा दम पुरत नाही. आत्ता आटपेल."

काका खुर्ची ओढून बसले. आटपायला वेळ लागला. मग बाईंनी विचारलं, पुढच्या वेळी तुम्हीच असणार का? काकांनी सांगितलं की आता ओळख झाली, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तरी बसवायला सांगतील. त्यांचा नियमच तसा आहे.

"नियम राहू द्या," बाई म्हणाल्या. "ओळख असून नको म्हणालात. मला तुम्हीच हवेत."

त्या चपला शोधायला वाकल्या आणि मध्येच दम लागून थांबल्या. काकांनी पलंगाखालून चपला काढल्या आणि त्यांच्या पायांपाशी सरळ लावून ठेवल्या.