चौऱ्याऐंशी पोरं, एक यादी

आमच्या ऑफिसातले किस्से म्हणजे कम्प्युटरमधलं डाउनलोडचं फोल्डर. रोज नवीन काहीतरी येऊन पडतं, जुनं कुणी काढत नाही!

ऑफिस म्हणजे काय, पोलोग्राउंडला एका बंद वर्कशॉपची शेड. तिथून शाळेच्या व्हॅन सुटतात. कुणाचं घर बदलतं, कुणी मावशीकडे उतरतं, म्हणून सिमरोलची शाळा रोज सकाळी व्हॅनच्या पोरांची ताजी फाइल पाठवते. मी ती डेटाबेसमध्ये इम्पोर्ट करते, ड्रायव्हरची यादी छापते. दुपारी त्या यादीवरच पोरं घरी पोचतात. माझी ओवीपण त्यातच, केजीला आहे.

*

नोकरी मागायला गेले तेव्हा मालक शर्माजींनी विचारलं, "कितना पढ़ी हो?"

"सातवी."

"बच्चों का काम है. गिनती पक्की है?"

"मला एकच आहे, तिलाच दिवसातून दहादा मोजते!"

"कल से आ जाओ," म्हणाले.

*

दुसऱ्याच आठवड्यात मी कालची नावं न काढता आजची वर घातली. प्रत्येक पोर दोनदा! शाळेसमोर व्हॅन उभी ती उभीच. कैलासजी, आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, आरव नावाच्या पोराला विचारतायत, "एक आरव तो आ गया, दूसरा किधर है?"

पोरगं रडकुंडीला आलं. "अंकल, मैं तो पूरा आ गया!"

त्या दिवशी मी कम्प्युटरला पक्कं बांधून टाकलं: एक रोल नंबर दुसऱ्यांदा आला, तर आत घ्यायचाच नाही. आणि वहीत दोन नियम लिहिले. कालचा आकडा आजच्याशी जुळला पाहिजे. यादीत नाव नाही, तर गाडीत नाही. दुसरा नियम कैलासजींकडून तर पाठच करून घेतला.

*

एकदा शाळेच्या क्लार्क मॅडमनी फाइलच्या जागी स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. मी फोन केला, "मॅडम, हे इम्पोर्ट होत नाहीये."

"क्यों? फोटो तो एकदम साफ़ है!"

*

घर नंबर ४/३ होता. कम्प्युटरनं स्वतःच्या मनानं त्याची तारीख करून टाकली. कैलासजींचा रस्त्यातून फोन, "दीदी, ये चार मार्च किस मोहल्ले में पड़ता है?"

मी म्हटलं, "भिया, होळीच्या आसपास बघा!"

*

सुरुवातीला यादी छापायच्या आधी मी ओवीचं नाव शोधायचे. छापल्यावर परत एकदा. सहा महिने एकदाही चुकलं नाही, मग सोडलं. आता काय, पक्की झाले!

आणि मग हातोदची शाळा मिळाली. पहिल्या दिवशी तिथलं एकच पोर, रोल नंबर सतरा. शर्माजी हातात पेढे घेऊन डोक्यावर उभे. "पहले हातोद डालो, शुभ काम है!"

आधी हातोदची फाइल घातली, मग सिमरोलची. काल चौऱ्याऐंशी, आज चौऱ्याऐंशी. जुळलं! यादी छापली, पेढा खाल्ला.

दुपारी कैलासजींचा फोन आला. "दीदी, एक बच्ची का नाम नहीं है लिस्ट में. मैडम बोलीं बिठा लो, मैंने मना कर दिया. रूल है, सबके लिए."

"एकदम बरोबर केलंत भिया! आधी शोधते, मग बसवा. रोल नंबर काय?"

"सत्रह."

मी सतरा काढला. हातोदचं पोर. म्हणजे सिमरोलचा सतरा कम्प्युटरनं आत घेतलाच नाही, म्हणून पंच्याऐंशीच्या जागी चौऱ्याऐंशी! मग सिमरोलचा सतरा कोण? मी खुर्चीतून उठलेच.

"भिया, पोरगी कुठाय?"

"यहीं है, मैडम के पास. बिस्कुट खा रही है. बिठाऊँ कि नहीं, अब आप ही बोलो. लो, खुद ही बात कर लो."

फोनवर आधी बिस्किटाचा कुरकुर आवाज आला. मग,

"आई, यादी तूच करतेस ना? मग लिही ना, मी आहे!"