हिकींच्या अंगठ्याचा गुण

मॅलकी हिकी नऊ वर्षांचा असताना मी त्याला वर्गात त्याच्या आडनावाचा अर्थ सांगितला होता. हिकी म्हणजे वैद्याच्या वंशातला. जुन्या काळी आयर्लंडमधल्या आमच्या क्लेअर परगण्याच्या सरदारांकडे हिकी वैद्यकी करत. तो म्हणाला, "आमच्याकडे आता नुसती नागीण बरी होते, बाई."

वडिलांमागे ते काम त्याच्याकडे आलं. सोमवार, गुरुवार, सोमवार, अशा तीन खेपा. विहिरीच्या पाण्यात बुडवलेला अंगठा फोडांभोवती फिरवायचा आणि काहीतरी पुटपुटायचं. पैसे घ्यायचे नाहीत. रोग्याने आभार मानायचे नाहीत. मानले तर गुण जातो आणि खेपा पुन्हा पहिल्यापासून. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मार्चमध्ये त्याची बायको ऊना कॅन्सरने गेली. तिच्या शवपेटीजवळ बसलेल्या सगळ्यांसमोर तिची थोरली बहीण कन्सेप्टा म्हणाली, "साऱ्या गावाचा वैद्य. घरातली तेवढी बरी करायची राहिली." मॅलकीने मान हलवली आणि सँडविचची थाळी तिच्यापुढे धरली.

दफन झाल्यावर त्याने फाटकाला साखळी घातली. माणसं येत, गाडीत थोडं थांबत, परत जात. मी रविवारी शेतातल्या वाटेने त्याच्याकडे जात असे. तो चहा करायचा आणि प्यायला विसरायचा. "हिकी हे नाव आता पत्रावर घालण्यापुरतं, बाई," एवढंच एकदा म्हणाला.

ऑक्टोबरमध्ये कन्सेप्टाला नागीण झाली. मीच तिला गाडीतून नेलं.

"मॅलकी, उघड मेल्या. उभं राहवत नाही मला."

त्याने उघडलं. तिच्या तोंडाकडे न बघता अंगठा फिरवला. आम्ही निघालो तशी साखळी परत लागली. गुरुवारीही तसंच.

शेवटच्या सोमवारी कन्सेप्टा कोट चढवून दारापर्यंत गेली, वळली आणि सावकाश म्हणाली, "आभारी आहे, मॅलकी."

जन्म या गावात काढलेली बाई. मी जमिनीकडे बघत राहिले.

मॅलकी पाण्याची वाटी धरून उभा होता. "घालवलंस सगळं," तो म्हणाला. "अक्कल कुठे ठेवलीस?"

"म्हातारी झाले."

"पुढच्या सोमवारी ये. पहिल्यापासून."

"आणि ती साखळी?"

"काढतो."

गाडीत तिने पट्टा लावला. "फोड केव्हाच सुकलेत," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्या सोमवारी फाटक उघडं होतं. आमच्या मागे आणखी एक गाडी येऊन थांबली. मॅलकीने त्या गाडीकडे जरा वेळ पाहिलं आणि पाणी आणायला विहिरीकडे गेला.